व्यवसाय कोणी निवडावा ?

परीक्षांचे निकाल लागले म्हणजे भंडारा, तुमसर, पवनी, साकोली या गावांतील घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो : मुलाने आता पुढे काय करावे ? प्रश्न मुलाविषयीचा असतो, परंतु तो विचारला जातो मामास, शेजाऱ्यास, नागपुरास शिकवणीचे वर्ग चालविणाऱ्या गृहस्थास, आणि सरतेशेवटी, वेळ उरल्यास, मुलास. मुलीच्या बाबतीत तर हा शेवटचा सोपस्कारही पुष्कळ घरी गाळण्यात येतो. कोणत्या धंद्यात पगार किती, कोणत्या परीक्षेस जागा किती, अमक्याचा मुलगा कोठे चिकटला, एवढी विचारपूस झाली की निवड झाली असे समजावयाचे. पगाराची चौकशी करू नये असे आम्ही म्हणत नाही. आमच्या वाचकांत व्यापाऱ्यांचा भरणा मोठा आहे, आणि नफातोटा न पाहता व्यवहार करा असा उपदेश त्यांस करण्याइतके आम्ही भोळे नाही. आमची तक्रार वेगळी आहे. धान घेताना जो अडत्या दहा ठिकाणी भाव काढतो, तोच मुलाच्या चाळीस वर्षांचा सौदा एका संध्याकाळी उरकतो, आणि ज्याचे आयुष्य त्यात जावयाचे त्याची संमती विचारीत नाही.

या विषयावर कोरडा उपदेश करण्यापेक्षा एका मनुष्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे हे आम्हांस अधिक बरे वाटते. ते चरित्र डॉक्टर भीमराव रामजी आंबेडकर यांचे. बाबासाहेबांचे नाव ठाऊक नाही असा मनुष्य या जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. त्यांचे पुतळे चौकाचौकांत आहेत, त्यांनी रचलेल्या राज्यघटनेचे दाखले वकिलापासून विद्यार्थ्यापर्यंत सारे देतात, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी घेतलेल्या धम्मदीक्षेची हकीकत येथील असंख्य घरांतून आजही सांगितली जाते. परंतु पोटासाठी धंदा शोधणारा एक तरुण, या दृष्टीने त्यांच्या आयुष्याकडे फारसे कोणी पाहत नाही. तसे पाहिले असता असे दिसते की, एकामागून एक चार मार्ग त्यांनी चोखाळले. त्यांतील दोन समाजाने त्यांच्या तोंडावर बंद केले, एक त्यांनी आपण होऊन सोडला, आणि चौथा जाणूनबुजून पत्करला. निवड म्हणजे काय, आणि ती कोणाच्या हाती असते, हे समजून घेण्यास याहून चांगले उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच मिळेल.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते व लष्करी शाळेत शिक्षकाचे काम करीत. गावात ज्या जातीस वेशीच्या आत पाऊल ठेवताना अंग चोरावे लागे, तिच्या मुलास पलटणीत अक्षरज्ञान मिळे, पगार मिळे, हुद्दा मिळे. ही इंग्रजी अमदानीतील एक मोठीच वाट होती. परंतु भीमराव चालू-बोलू लागतात न लागतात तोच ही वाट बंद झाली. १८९० नंतरच्या दशकात सरकारने लढवय्या जातींचे नवे धोरण काढले आणि महारांची सैन्यभरती थांबविली. ज्या नोकरीने बापास वर आणले ती मुलास मिळण्याचा संभवच उरला नाही. सरकारच्या एका हुकुमाने हजारो कुटुंबांचा चरितार्थाचा मार्ग कसा नाहीसा होतो, हे आजच्या भरतीवर डोळे लावून बसलेल्या तरुणांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. महार पलटण पुन्हा उभी राहिली ती १९४१ साली, आणि तीही बाबासाहेबांच्या खटपटीनंतर.

पुढे कुटुंब साताऱ्यास आले. शाळेत वेगळे बसावयाचे, बसावयाचे गोणपाट घरून न्यावयाचे, आणि शिपाई हजर नसेल तर पाण्यावाचून राहावयाचे, हा तेथील क्रम सर्वश्रुत आहे. त्याच काळातील एक गोष्ट मात्र आम्हांस येथे मुद्दाम सांगावयाची आहे. साताऱ्याकडील मुले मुंबईच्या गिरण्यांत कामास लागतात हे ऐकून या मुलाने आपणही गिरणीत जावे असा बेत केला. भाड्याचे पैसे नव्हते, म्हणून आत्याच्या कमरेचा बटवा लांबविण्याचे त्याने ठरविले. काही रात्री जागून बटवा हाती लागला, तेव्हा त्यात अर्धा आणा निघाला. मुंबईचा बेत तेथेच राहिला, आणि मुलाच्या मनाने उलट खाल्ली. पळून जावयाचे नाही, अभ्यास करून स्वतःच्या पायांवर उभे राहावयाचे, असे त्याने ठरविले. ही हकीकत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. त्या बटव्यात दोन रुपये असते तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनातून जात नाही. ज्या मुलाच्या घरी पैसा नाही त्याच्यापुढे जवळचा पगार आणि लांबचे शिक्षण यांचा तराजू नेहमीच असा हलत असतो, आणि बिडीच्या पानांच्या गठ्ठ्यांपाशी बसणाऱ्या आमच्या जिल्ह्यातील मुलांस तो अपरिचित नाही.

१९०४ च्या सुमारास रामजींनी बिऱ्हाड मुंबईस हलविले आणि मुलास एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राही. मुलास पुस्तक हवे असले व हाताशी पैसा नसला तर सुभेदार आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून आणीत, तो गहाण टाकीत, आणि पेन्शन आले म्हणजे सोडवीत. संस्कृत शिकावयाची मुलाची इच्छा होती, ती पुरी झाली नाही. अस्पृश्याच्या मुलास संस्कृत शिकविण्यास शिक्षक तयार नव्हते, म्हणून फारसी घ्यावी लागली. १९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा उतरले. त्यांस ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. हा आकडा आम्ही मुद्दाम देत आहो. शेकडा अडतीस देखील भरत नाहीत अशा या निकालाबद्दल त्यांच्या जातीच्या लोकांनी सभा भरवून त्यांचा सत्कार केला, आणि आज शेकडा ऐंशी मिळविणारा मुलगा घरी येतो तेव्हा आईबाप तोंड पाडून बसतात. पुढे जगातील दोन नामांकित विद्यापीठांनी ज्यास पंडित म्हणून मान दिला, त्याची किंमत सोळाव्या वर्षीच्या गुणपत्रिकेवरून कोणास करता आली नसती.

त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर हे सुधारणावादी शिक्षक व ग्रंथकार हजर होते. त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र या मुलास भेट दिले, आणि तेवढ्यावर न थांबता बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापाशी शब्द टाकून त्यास दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. केळूसकर जातीने मराठे. या मुलाशी त्यांचे नाते नव्हते. बागेत वाचीत बसलेला मुलगा त्यांनी पाहिला, त्याची विचारपूस केली, आणि त्यास पुस्तके दिली. प्रत्येक गावात असा एक मास्तर असावा असे आम्हांस वाटते. असे मास्तर फार थोडे असतात, आणि जे असतात त्यांस गाव ओळखीत नाही, ही गोष्ट निराळी.

बी. ए. झाल्यावर १९१३ च्या आरंभी भीमराव बडोद्याच्या नोकरीत शिरले, परंतु थोड्याच दिवसांत वडील वारले आणि ते परत आले. त्याच साली महाराजांनी त्यांस अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले. अट अशी होती की, शिक्षण पुरे झाल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करावयाची. त्यांनी करारावर सही केली. बावीस वर्षांच्या तरुणाच्या दृष्टीने आयुष्याचा प्रश्न येथे सुटल्यासारखा होता : दहा वर्षांची पक्की चाकरी, संस्थानिकाचा आश्रय, आणि पाठीशी परदेशची पदवी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी मुख्य विषय घेतला तो अर्थशास्त्राचा. जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र यांचाही अभ्यास चालविला. पैसा जाई तो जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. १९१५ साली एम. ए. झाले, १९१६ साली ते लंडनास गेले आणि अर्थशास्त्राच्या शाळेत व बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये अशी दोन्हीकडे नावे घातली. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. महायुद्धाचे दिवस होते. त्यांची पुस्तके ज्या बोटीवर होती ती बोट शत्रूने बुडविली.

कराराप्रमाणे ते बडोद्यास हजर झाले. महाराजांचे लष्करी चिटणीस म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि पुढेमागे अर्थखाते त्यांच्या हाती द्यावे असा महाराजांचा मानस होता. कागदावर याहून चांगली जागा कोणती असणार ? परंतु शहरात राहावयास त्यांस खोली मिळेना. हिंदू खाणावळीत प्रवेश नाही, मुसलमानाच्या घरीही नाही. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून दररोज दीड रुपया भाड्याने ते राहिले. कचेरीत शिपाई त्यांच्या मेजावर कागद लांबून टाकीत. पिण्याच्या पाण्यास हात लावण्याची सोय नाही. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले दहाबारा पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेले. ओळखीच्या एका हिंदू व एका ख्रिस्ती गृहस्थाकडे ते आसऱ्यास गेले; दोघांनीही काही ना काही सबब सांगितली. कोलंबियाचा हा पंडित त्या दिवशी सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून राहिला, आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस निघून गेला.

या प्रसंगाकडे आमच्या वाचकांनी जरा वेगळ्या दृष्टीने पाहावे अशी आमची विनंती आहे. राजाची इच्छा होती, नेमणुकीचा हुकूम होता, योग्यता तर होतीच होती. एवढे सारे असून नोकरी टिकली नाही, कारण गावाने खोली दिली नाही. तरुणांस धंदा निवडण्याचा उपदेश करणारे आम्ही लोक योग्यता मिळवा, योग्यता मिळवा असे सांगत असतो. ती मिळविल्यावर खोली कोणी द्यावयाची, हे सांगण्याचे मात्र विसरतो. ज्याच्या घराच्या माडीवर भाड्याची पाटी लागलेली आहे आणि जो येणाऱ्या मुलास आधी आडनाव विचारतो, तो मनुष्य कोणत्याही निवडसमितीवर नसतो, परंतु निवडीत त्याचा हात असतो. एवढ्या वर्षांनंतर हे लिहिण्याची आवश्यकता उरली नसती तर आम्हांस आनंद झाला असता.

मुंबईस परतल्यावर त्यांनी दुसरा मार्ग धरला, आणि तो व्यापाराचा होता. शेअर व रोखे यांचे व्यवहार करणाऱ्यांस सल्ला देण्याची एक पेढी त्यांनी काढली. अर्थशास्त्रात त्यांच्या तोडीचे शिक्षण घेतलेली माणसे त्या वेळी देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. गिऱ्हाईक येऊ लागले, सल्ला उपयोगी पडू लागला. आणि मग सल्लागार अस्पृश्य आहे ही बातमी फुटली. येणारे येईनासे झाले व पेढी बंद झाली. व्यापाऱ्यास जात नसते, रुपयास विटाळ नसतो, असे आमच्या बाजारात मोठ्या अभिमानाने सांगण्यात येते. या पेढीच्या हकीकतीवरून त्या म्हणण्याची परीक्षा ज्याने त्याने करावी. फायद्याचा सल्ला सोडून जातीपायी तोटा पत्करणारे ते दलाल व्यापारी म्हणून तरी शहाणे होते काय, हा प्रश्न आम्ही आमच्या व्यापारी वाचकांवरच सोपवितो.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या अध्यापकाची जागा त्यांस मिळाली. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. काही सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यास त्यांनी शिवू नये म्हणून कुरकूर केली, तथापि विद्यार्थ्यांस त्यांचे व्याख्यान एवढे आवडे की दुसऱ्या कॉलेजांतील मुलेही येऊन बसत. आता येथे कोणीही सुज्ञ पालक म्हणेल की देवाने दिले, आता घट्ट धरून बसावे. भीमरावांनी तसे केले नाही. पगार हाती आला तरी ते परळच्या चाळीतील दोन खोल्यांतच राहिले, काटकसर करून पैसा साठवीत गेले, आणि मार्च १९२० मध्ये राजीनामा देऊन अर्धा टाकलेला अभ्यास पुरा करण्यासाठी पुन्हा लंडनास गेले. साठविलेली पुंजी, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले पाच हजारांचे कर्ज, एवढ्या भांडवलावर हे धाडस होते. बडोद्यास ज्या समाजाच्या लोकांनी काठ्या दाखविल्या त्याच समाजातील एका मित्राने कर्ज दिले, हेही सांगितले पाहिजे.

लंडनातील तीन वर्षे त्यांनी अर्धपोटी काढली असे म्हटले तरी चालेल. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसावयाचे, रात्री खोलीवर येऊन पुन्हा वाचावयाचे, भूक लागली तर मित्राने दिलेले पापड भाजून खावयाचे. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल डी. एस्सी. इकडे मुंबईत रमाबाई मुलाबाळांसह तुटपुंज्या पैशांत घर चालवीत होत्या. मोठ्या पुरुषांच्या चरित्रांत या बाजूचा हिशेब लिहिण्याची पद्धत नाही. तरुणाने लांबचा रस्ता धरावा असे सांगताना तो रस्ता घरातील कोण चालणार आहे, हेही विचारावे असे आम्हांस वाटते. रमाबाईंची प्रकृती त्या ओढगस्तीतून कधीच सावरली नाही, आणि १९३५ साली त्या वारल्या.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. १९२३ साली परत आले तेव्हा त्यांच्यापाशी दोन विद्या होत्या : अर्थशास्त्र आणि कायदा. पहिलीच्या जोरावर त्यांस पक्की सरकारी अध्यापकी मिळू शकली असती. त्यांनी धरली ती दुसरी. आणि तीत तर सनद काढण्यापुरतेही पैसे जवळ नव्हते, ते पुन्हा भथेनांनीच दिले. मुंबईच्या हायकोर्टात बॅरिस्टरास काम देतात ते सॉलिसिटर, आणि सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टराकडे फिरकेनात. बाहेरगावच्या कोर्टांतील लहानसहान कज्जे घेऊन त्यांस आरंभ करावा लागला. मग हा धंदा का निवडला ? कारण, पूर्ण वेळेच्या चाकरीत शिरलेल्या मनुष्यास वरिष्ठाच्या मर्जीबाहेर तोंड उघडता येत नाही, आणि त्यांस तर साऱ्या समाजाविरुद्ध तोंड उघडावयाचे होते. स्वतंत्र धंद्यात गिऱ्हाईक कमी आले तर पोटास चिमटा बसतो. परंतु सकाळी कोर्टात उभे राहून संध्याकाळी सभेत काय बोलावे, हे ठरविणारा दुसरा कोणी नसतो. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२७ साली महाडास चवदार तळ्याचे पाणी घेतले. सरकारी पगारावर असते तर यांतील किती करता आले असते याचा वाचकांनीच विचार करावा.

तथापि ते हवेत इमले बांधणारे नव्हते. वकिली चालेना तेव्हा १९२५ ते १९२८ या काळात मुंबईच्या बाटलीबॉय यांच्या हिशेबनीसी शिकविणाऱ्या संस्थेत व्यापारी कायद्यावर व्याख्याने देऊन त्यांनी घरखर्च भागविला. विलायतेची सर्वांत मोठी पदवी मिळविलेल्या गृहस्थाने कारकुनी शिकणाऱ्या मुलांस हुंडीचा कायदा समजावून सांगावा, यात त्यांस कमीपणा वाटला नाही. पुढे १९२६ मध्ये पुण्याच्या एका गाजलेल्या बदनामीच्या खटल्यात ब्राह्मणेतर पुढाऱ्यांच्या बाजूने उभे राहून त्यांनी तो जिंकला व वकील म्हणून त्यांचे नाव झाले. नंतर सरकारी लॉ कॉलेजात ते अध्यापक झाले आणि १९३५ ते १९३८ पर्यंत प्राचार्य होते. आमच्या जिल्ह्यातील जे पदवीधर मोठ्या पदाच्या आशेवर तिशी गाठेपर्यंत परीक्षामागून परीक्षा देत बसतात आणि मधल्या काळात लहान काम करण्याची लाज बाळगतात, त्यांनी या बाटलीबॉय संस्थेतील तीन वर्षांची आठवण ठेवावी.

कोणी म्हणेल, आंबेडकर लाखांत एक, त्यांचे उदाहरण बिडी वळणाऱ्या बाईच्या मुलास काय कामाचे ? आक्षेप खोटा नाही. आणि बाबासाहेबांस तो स्वतःस सुचला होता असे त्यांच्या पुढील कार्यावरून दिसते. आपण एकटे निसटलो यावर ते समाधान मानून बसले नाहीत. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी महार वतनासंबंधीचे बिल मांडले. वतन म्हणजे गावची पिढीजात चाकरी. तिच्या मोबदल्यात थोडी इनाम जमीन व घरोघरचे बलुते. आणि त्यासाठी सरकारी सांगावे पोचविण्यापासून वाटेल ते काम, वाटेल त्या वेळी. कित्येक महारांसच हे वतन आपले भूषण वाटे, कारण ते बापजाद्यांपासून चालत आलेले होते. बाबासाहेबांनी नेमके ओळखले की हाच तो साखळदंड. या तुटपुंज्या शाश्वत भाकरीमुळे मुलगा गाव सोडीत नाही, दुसरी विद्या शिकत नाही, आणि गावाच्या मर्जीबाहेर जात नाही. जमीन पूर्ण मालकीची करून द्या आणि चाकरीतून मोकळे करा, अशी त्यांची मागणी होती. बिल तेव्हा मंजूर झाले नाही. असली वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात झाला तो १९५८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर.

१९३६ साली लाहोरच्या एका मंडळासाठी त्यांनी जातिसंस्थेच्या उच्छेदावर भाषण लिहिले. मंडळास ते झेपले नाही, सभा रद्द झाली, आणि त्यांनी भाषण स्वखर्चाने छापले. त्यात त्यांनी मांडलेला एक विचार आजच्या विषयास फारच लागू आहे. जात ही श्रमाची वाटणी आहे असे तिचे कैवारी सांगत. बाबासाहेबांनी दाखविले की ती श्रम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. मनुष्याची आवड व कुवत पाहून काम देण्याऐवजी ती जन्माच्या आधीच, आईबापांच्या पायरीवरून, काम देऊन ठेवते. आणि उद्योगधंदे पालटले तरी जो मनुष्य पालटू शकत नाही तो बेकार होतो.

या शेवटच्या वाक्याचा अर्थ भंडाऱ्यास समजावून सांगण्याची गरज नसावी. या प्रांतातील महार कुटुंबे जाडेभरडे कापड विणीत, कोष्टी बारीक कापड विणीत. पवनीच्या धोतरांची व लुगड्यांची ख्याती लांबवर होती. १८७७ साली नागपुरास एम्प्रेस मिल सुरू झाली, मागोमाग गिरणीचे स्वस्त सूत व कापड गावोगाव आले, आणि ज्या हातांस माग चालविण्यापलीकडे काही शिकविलेले नव्हते ते हात बिडीकडे किंवा मँगनीजच्या खाणींकडे वळले. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची गत काय झाली ते ज्यांच्या दुकानांत आज पोलादी भांडी आहेत त्यांनी आम्हांस सांगावे. धंदा बुडाला हे दुःख खरेच. परंतु त्याहून मोठे दुःख हे की, दुसरा धंदा शिकण्याची परवानगीच ज्यांस नव्हती ते त्याच्याबरोबर बुडाले. आणि हे केवळ खालच्या म्हटलेल्या जातींपुरते नाही. मुलास यंत्रांची आवड असता गादीवर बसविणारा सावकार, आणि मुलीस गणितात गती असता तिचे शिक्षण बारावीस थांबविणारा मालगुजाराचा वंशज, हे दोघेही आपापल्या घरी एक लहानसे वतनच चालवीत असतात.

बाबासाहेबांच्या आयुष्यातील पुढचा भाग सर्वांस ठाऊक आहे, म्हणून त्यावर आम्ही फार लिहीत नाही. १९४२ ते १९४६ पर्यंत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे प्रमुख होते. त्याच काळात, १९४५ साली, सरकारी सेवायोजन कचेऱ्यांचे जाळे उभे राहू लागले. आज प्रत्येक जिल्ह्यात दिसणाऱ्या या कचेऱ्यांविषयी लोक थट्टेनेच बोलतात, परंतु त्यांच्यामागील कल्पना थट्टेची नव्हती : काम कोठे आहे ही बातमी ओळखीच्या माणसापाशी न राहता चार भिंतींत सर्वांस खुली मिळावी. ज्याच्या मामाचा कोठे वशिला नाही त्यालाच तिचे मोल कळेल. दलित विद्यार्थ्यांस परदेशी जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्त्याही त्यांनी याच वेळी मिळविल्या. पूर्वी एका महाराजांच्या औदार्यावर जे अवलंबून होते ते आता सरकारी तरतुदीत आले. १९४७ मध्ये ते कायदेमंत्री झाले, आणि १९५१ मध्ये मुख्यत्वे हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी ते पद सोडले. साठीच्या घरात आलेल्या, मधुमेहाने गांजलेल्या मनुष्याने मंत्रिपद खाली ठेवावे, यात आम्हांस १९२३ सालचाच बॅरिस्टर दिसतो.

मे १९५४ मध्ये लोकसभेच्या पोटनिवडणुकीस ते भंडाऱ्यातून उभे राहिले. जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. प्रकृती साथ देत नसता त्यांनी येथे येऊन सभा घेतल्या. राखीव जागेवर काँग्रेसच्या उमेदवाराने त्यांचा पराभव केला, आणि सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. कोणास मत द्यावे हा मतदाराचा हक्क आहे, आणि सत्तर वर्षांपूर्वीच्या मतांचा हिशेब आम्ही आज मागत नाही. परंतु ज्या जिल्ह्यापुढे हा मनुष्य स्वतः येऊन उभा राहिला होता, त्या जिल्ह्याने निदान त्याच्या एका संस्थेची रीत उचलावयास हरकत नसावी. जून १९४६ मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईस सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा तेथील वर्ग सकाळी भरविण्यात आले. हेतू हा की, गरिबाच्या मुलाने सकाळी शिकावे आणि दिवसा कचेरीत वा दुकानात काम करून पोट भरावे. शिक्षण की पगार, हा साताऱ्याच्या बटव्यापाशी उभा राहिलेला प्रश्न त्यांनी घड्याळाचे काटे हलवून पुष्कळ मुलांपुरता सोडविला.

भंडारा, तुमसर व गोंदिया येथील व्यापारी मंडळांपुढे आम्ही एवढीच सूचना ठेवतो. आपल्या दुकानांत, भातगिरण्यांत व गुदामांत काम करणाऱ्या मुलांपैकी ज्यांस पुढे शिकावयाचे आहे त्यांस सकाळी दहापर्यंत मोकळे ठेवावे, आणि शाळा-कॉलेजांच्या चालकांनी त्यांच्यासाठी सकाळचे वर्ग भरवावेत. हिशेबनीसाच्या किंवा गुमास्त्याच्या दोन जागा दरसाल ओळखीने न भरता पाटी लावून, परीक्षा घेऊन भराव्यात, आणि अर्जावर आडनावाचा रकाना ठेवू नये. तुमसरच्या धानबाजारात हंगामास किती मुले खांद्यावर पोती वाहतात ते बाजार समितीच्या सभासदांस आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. त्यांतील कितींची नावे शाळेच्या हजेरीपटावर आहेत, एवढी मोजदाद त्यांनी येत्या दिवाळीपूर्वी करावी.